एका फोटोत एकच रंग

माणूस तऱ्हेवाईक होता, यात वादच नाही. फोटो रंगवण्याचा पगार घेणारा माणूस, आणि गिऱ्हाइकानं फोटो पुढे केला की म्हणायचा, "काहून रंगवता जी? चांगला तं हाय." गिऱ्हाईक बावचळायचं. आतल्या खोलीतून मालक मुद्दाम खाकरायचे. मग हे चष्मा कपाळावर चढवून दुसरा प्रश्न टाकायचे, "बरं, याच्यात रंगवू काय?"

"काय म्हणजे? सगळंच रंगवा."

"सारं नाही रंगवत मी. एका फोटोत एकच रंग. बोला, काय रंगवू?"

सक्करदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या फोटो स्टुडिओत हे रोज चालायचं. सत्तरच्या आसपासचा काळ. आमच्यासारख्यांचे फोटो काळेपांढरेच निघत, आणि ज्याला हौस असेल तो ते हातानं रंगवून घेई. बाकीच्या स्टुडिओंत गाल गुलाबी, शालू जांभळा, मागचा पडदा निळाशार असं सढळ हातानं करून देत. आजोबासुद्धा ओठांना लाली लावून बसल्यासारखे दिसत. आमच्याकडे मात्र काकाजी. नाव काहीही असो, सगळी गल्ली त्यांना काकाजीच म्हणायची, तेव्हा मीही तेच म्हणते.

मी तिथे नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. ड्रॉइंगची परीक्षा दिलेली, लग्न जमत नव्हतं, आणि कचेरीत कारकून असलेल्या माझ्या बाबांच्या मते फोटो स्टुडिओ ही चांगल्या घरच्या मुलीनं पाय ठेवायची जागा नव्हती. आई म्हणाली, "घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं." काउंटरवर बसायचं आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग मिटवायचे, हे माझं काम. काकाजींचं टेबल माझ्या शेजारी, खिडकीला लागून. पंचेचाळिशीचे असतील. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, काळी टोपी. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तेच. मी एकदा म्हटलं, "काकाजी, तुम्ही स्वतःच काळेपांढरे आहात." त्यावर ते इतका वेळ माझ्याकडे बघत राहिले, की मला वाटलं आता नोकरी गेली.

त्यांचं काम मात्र बघत राहावं असं. सायकलचं पंक्चर काढायला जे सोल्युशन लागतं ना, ते पेट्रोलमध्ये पातळ करायचं आणि बारीक कुंचल्यानं फोटोवर जिथे जिथे रंग नको तिथे लावायचं. रंगवायची तेवढीच जागा उघडी. साडीचा काठ रंगवायचा असेल, तर काठावर आलेलं प्रत्येक बोट, बोटातली अंगठी, निरीतली घडी, सगळं झाकायचं. त्यातच दिवस जायचा. मग काडीला कापूस गुंडाळून रंगात बुडवायचा आणि दोन मिनिटांत फिरवून मोकळं व्हायचं. वाळल्यावर अंगठ्यानं चोळलं की रबराचा पापुद्रा सुटून यायचा. खाली फोटो होता तसा काळापांढरा, आणि त्यात एक काठ तेवढा लाल. बघणाऱ्याची नजर तिथून हलायची नाही.

"रंग लावनं काय, कोनंबी लावते," ते म्हणायचे. "कुठी नाही लावाचा, ते शिक. आधी झाकजो, मंग रंगवजो."

निघालेलं रबर ते फेकत नसत. त्याचा एक गोळा केला होता, त्यालाच नवे तुकडे चिकटवत जायचे. माझ्या वेळेपर्यंत तो मोसंब्याएवढा झाला होता. याचं काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नातू होईन तं त्याले खेयाले देईन." त्यांची मुलगी तेव्हा चौथीत होती.

या एकाच रंगापायी काय काय घडलं! एक बँकेतले गृहस्थ बायकोला नव्या स्कूटरशेजारी उभं करून फोटो काढून गेले. "काय रंगवू?" "स्कूटर." काकाजींनी स्कूटर रंगवली. निळी, आरशासकट, अगदी टवटवीत. शेजारी बायको राखाडी. दुसऱ्या दिवशी ती बाई एकटीच आली आणि दारातूनच सुरू झाली. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "वहिनी, मी विचारलं होतं त्याईले. दोनदा विचारलं." बाईनं फोटो उचलला आणि ती तरातरा घरी गेली. त्या घरात पुढे काय झालं कोण जाणे, पण पंधरा दिवसांनी दोघं पुन्हा आले, फोटो फक्त बाईंचा, आणि गृहस्थ स्वतः म्हणाले, "पदर."

एका शाळेचे हेडमास्तर सगळ्या शाळेचा ग्रुप फोटो घेऊन आले. काय रंगवू म्हटल्यावर बिचारे टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. संस्थेचे अध्यक्ष रंगवावे, तर सेक्रेटरी रुसणार. स्वतःला रंगवावं, तर बरं दिसत नाही. शेवटी त्यांना कोपऱ्यात शिपायामागे टांगलेली पितळी घंटा दिसली. "घंटा रंगवा," ते म्हणाले, "शाळा खरी तिच्यावरच चालते." फोटो हेडमास्तरांच्या खोलीत लागला आणि त्या वर्षी शाळेत आलेला प्रत्येक पाहुणा आधी घंटेपाशीच थांबला म्हणे.

बाकीच्या तऱ्हा तर विचारूच नका. गिऱ्हाइकानं "लाल" म्हटलं की, "लाल म्हंजे कसा लाल? कुंकवाचा का मिरचीचा?" साडीचा धागा आणायला लावायचे, तो पाकिटात घालून फोटोला टाचायचे. रंगवून झालेला प्रत्येक फोटो आधी माझ्यापुढे धरायचे. "पाय वं, नाक बराबर आलं का?" नाकाला त्यांनी हातही लावलेला नसायचा. मी "मस्त" म्हटलं की मगच फोटो पाकिटात. संत्री घ्यायला गेले की एकेक फळ नाकाशी नेऊन हुंगायचे. संत्रेवाला चिडायचा, "काकाजी, अत्तर घेऊन राहिले का संत्रं?" आणि त्यांच्या रंगाच्या पेटीला कोणी हात लावायचा नाही. आठ भोकांची लाकडी पेटी, आठ बाटल्या. लेबलं केव्हाच रंगानं भिजून गळून गेलेली, बुचं उंदरानं कुरतडल्यासारखी. रविवारी पेटी घरी न्यायचे, सोमवारी भरून आणायचे. मला वाटायचं, जादूगार आहे, बाटल्यांकडे न बघता हात घालतो आणि बरोबर तोच रंग काढतो.

आता माझं शहाणपण सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या हत्यारांची पूजा करतो. सुताराची करवत, शिंप्याची कात्री, तसा आमचा कॅमेरा. त्या वर्षी काकाजी सासुरवाडीला गेले होते. मालकांनी मला म्हटलं, "बाई, पूजा तुम्हीच मांडा." मला काय, हुरूपच आला. कॅमेरा पुसला, लेन्स पुसली, कुंचले धुतले. काकाजींच्या पेटीकडे बघून मात्र जीव कळवळला. इतका मोठा कारागीर आणि ही दरिद्री बुचं! बाजारात जाऊन नवी कोरी आठ बुचं आणली. बाटल्या घासून लख्ख केल्या. शाळेत शिकवलं होतं तशा फिक्यापासून गडदपर्यंत ओळीनं लावल्या, प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूचं फूल. जुनी बुचं टाकून दिली. बाटल्यांवर नावं लिहावीत असं माझ्या मनातही आलं नाही. लाल बाटलीवर "लाल" कोण लिहितं?

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी काकाजी आले, पेटीशी उभे राहिले. एकेका बुचावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"बुचं कोनं बदलली?"

"मी!" मी छाती फुगवून म्हटलं.

"आन् जुनी?"

"टाकली. किती घाण झाली होती, काकाजी."

"बरं केलं," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. एवढंच. तेव्हा त्यांनी एक शब्द विचारला असता तर! पण तो शब्द त्यांनी उभ्या जन्मात कोणाला विचारला नव्हता.

त्याच सकाळी कळमेश्वरची एक बाई आली. पन्नाशीची, हातात बांगड्यांच्या खोक्यांची पिशवी. बाजारात बायकांना बांगड्या भरायचा तिचा धंदा. जत्रेत काढलेला जुना फोटो तिनं काउंटरवर ठेवला. रंगवलेल्या मोटारीच्या पडद्यापुढे ती आणि तिचा नवरा, दोघंही कोवळे, घाबरलेले.

"उद्या पोटाचं आपरेशन हाय त्याईचं," ती म्हणाली. "इथंच दवाखान्यात. मले म्हनते, जत्रेतला फोटो रंगवून आन, शुद्धीवर आलो की उशाशी दिसला पायजे. चार वाजता भेटाले सोडते, त्याच्या आधी द्या जी."

"काय रंगवू?" काकाजींनी विचारलं.

"कुंकू. दुसरं काय?"

इतक्या पटकन कोणी कधी उत्तर दिलं नव्हतं. काकाजी खूश झाले. "कसं लाल?" बाईनं नुसतं कपाळ पुढे केलं. त्यांनी ते इतकं निरखून पाहिलं, की मला हसू आलं. आज ते हसू आठवलं की लाज वाटते.

त्या दिवशी दसऱ्याच्या नव्या कपड्यांतली गर्दी होती. मी काउंटरवर नावं लिहून घेत होते. काकाजींनी दोनदा हाक मारली, "इकडे ये वं, नाक पाय," आणि मी दोनदा म्हटलं, "आले हो काकाजी," आणि गेले नाही. साडेतीनला बाई आली. त्यांनी फोटो स्वतःच पाकिटात घातला आणि दिला.

तिनं तिथेच उघडला. बघत राहिली. मग काउंटर धरून हळूच खाली बसली.

मी वाकून पाहिलं. कोवळ्या काळ्यापांढऱ्या चेहऱ्यावर, कपाळाच्या अगदी मधोमध, वाटोळं, रेखीव, हिरवंगार कुंकू.

मालक बाहेर आले, फोटो पाहिला आणि ओरडले, "अरे, हे काय करून ठेवलं! बाईचा मानूस दवाखान्यात हाय, आन् तुम्ही हिरवं कुंकू लावून राहिले?"

काकाजी उठून आले. फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब नेला. म्हणाले, "बराबर तं हाय. लालच हाय ना?"

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे.

मला रडूच फुटलं. "माझी चूक आहे हो," मी मालकांना म्हटलं, "बाटल्यांच्या जागा मी बदलल्या. पूजेत बदलल्या. काकाजींचा दोष नाही." त्यांना वाचवायला गेले मी, देवाशपथ!

"बाटल्या हालवल्या तं काय झालं?" मालक म्हणाले, "मानसाले डोये..." आणि मधेच थांबले. वीस वर्षं जे त्या खोलीत कोणाला कळलं नव्हतं, ते माझ्या तोंडून सगळ्यांसमोर बाहेर पडलं होतं. बाई उठली, फोटो पिशवीत टाकला, "चार वाजून राहिले," म्हणाली आणि निघून गेली. काकाजींनी टोपी घातली. पेटी टेबलावर तशीच ठेवली आणि तेही गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी सक्करदऱ्याच्या तलावामागे त्यांचं घर शोधत गेले. काकूंनी दार उघडलं. "तूच का वं ती बुचंवाली?" असं विचारलं आणि आत घेतलं. बुचांवर सुरीनं खाचा त्याच पाडून देत असत. एक खाच लाल, दोन हिरवा, तीन पिवळा. दर रविवारी बाटल्याही त्याच भरत. मी ज्याला उंदराचं कुरतडणं समजले होते, ते त्यांच्या संसाराचं गुपित होतं.

काकाजी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बाईच्या मानसाचं कसं झालं?"

"माहीत नाही."

"मंग काहाले आली?"

मी ओट्याच्या कडेला बसले. मग तेच सांगू लागले. शाळेत असताना पोपट रंगवायला दिला होता. त्यांनी मन लावून रंगवला. मास्तरांनी वर्गात तो लाल पोपट उंच धरून दाखवला, आणि नंतर हातावर छड्या मारल्या. पोरं दहावीपर्यंत त्यांना 'पोपट' म्हणायची. काळ्यापांढऱ्या फोटोत मात्र त्यांच्यासारखी नजर कोणाची नव्हती. करड्या रंगाच्या पन्नास तऱ्हा त्यांना दिसत. "काया-पांढऱ्यात मी राजा होतो," ते म्हणाले. "मंग लोकाईले रंगाचा शौक आला. मी म्हटलं, टेबलावर एकच बाटली काढीन, एकच रंग लावीन, तं चुकाले जागा नाही राहत."

"म्हणजे तुमचं ते 'एका फोटोत एकच रंग'..."

"भेवानं सुरू केलं. मंग आवडाले लागलं. खोटं नव्हतं ते, पोरी." मग हातांकडे बघत म्हणाले, "पन त्या बाईच्या कपायावर मी हिरवं फासलं. आपरेशनच्या आदल्या दिवशी. त्या मानसाले काही झालं असन, तं मी पुन्हा कुंचला हाती धरनार नाही. कोनी कितीबी सांगो."

काकू आतून म्हणाल्या, "दोन रोज झाले जेवून नाही राहिले बराबर." मी तिथून उठले ती तडक दवाखान्यात. वाटेत मनात एकच: देवा, तो माणूस जिवंत असू दे. काकाजींसाठी नाही तर माझ्यासाठी तरी असू दे, कारण हे सगळं माझ्या स्वच्छतेचं फळ.

वॉर्डात नर्सला विचारलं, "कळमेश्वरचे, पोटाचं ऑपरेशन?" तिनं कोपऱ्यातली खाट दाखवली. खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. मी भिंत धरून उभी राहिले, तोच मागून आवाज आला, "काय वं बाई, तू फोटोवाली ना? इकडे ये, व्हरांड्याकडे खाट देली आमाले. तिथं हवा हाय."

तिचा नवरा उशीला टेकून बसला होता. वाळलेला, दाढी वाढलेली, पण डोळे हसरे. उशाशी स्टुलावर तो फोटो. हिरवं कुंकू तिथूनही दिसत होतं.

"माफ करा," मी म्हणायला लागले, पण बाईनं ऐकूनच घेतलं नाही.

"अवं, मी रडली त्या दिवशी. रस्ताभर रडली. म्हटलं हा काय अपशकून! पन दुसरा फोटो कुठून आनू? तसाच ठेवला. हे शुद्धीवर आले, फोटो पायला, आन् हसाले लागले. टाके दुखत होते तरी हसून राहिले. म्हनते कसे, 'तुहं बांगड्याचं दुकान कपायावर चढलं!'"

नवरा पोट धरून पुन्हा हसला. "हसवू नको वं," म्हणाला, "टाके उसवतील."

मी तिथे उभी राहून हसत होते का रडत होते, मला सांगता यायचं नाही. सगळी हकिकत मी त्या दोघांना सांगितली, पेटी, बुचं, खाचा, लाल पोपट. बाईनं ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "आलेच मी. पडून राहाजा."

ओट्यावर काकाजी होते तसेच बसले होते. तिला बघून उभे राहिले. काही विचारायचं धाडस होईना.

"जिता हाय जी," ती म्हणाली. "चांगला हाय. हसून राहिला."

काकाजी पुन्हा खाली बसले आणि टोपी काढून तोंड पुसू लागले. बाईनं काकूंना जवळ ओढलं, खोकं उघडलं आणि बोलता बोलता त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या. "चुडा हिरवा चालते. चोयी हिरवी चालते. ओटीचा खन हिरवा चालते. मंग कुंकू हिरवं झालं तं काय आभाय कोसयते? तीस वर्सं हिरव्या बांगड्या भरून राहिली मी, हिरव्यानं कोनाचं वाईट झालेलं नाही पायलं." मग काकाजींकडे वळली. "तो फोटो मी देनार नाही. दुसरा काढून त्याच्यात लाल लावून द्या. पन तुम्हीच द्या. दुसऱ्याच्या हातचं नको."

"मले दिसत नाही, बाई," काकाजी म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हटलं. "लाल आन् हिरवं मले एकच."

"मले वाचता नाही येत," ती म्हणाली. "जावयाचं पत्र आलं तं शेजारची पोरगी वाचून दाखवते. म्हनून मी काय पत्र धाडाचं सोडलं? विचारा ना कोनाले! ही पोट्टी हाय ना बाजूले बसाले?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, जोरात.

सोमवारी ते आले. मी सुरी घेऊन नव्या बुचांवर खाचा पाडून ठेवल्या होत्या. मालक दोन दिवस तोंड वाकडं करून होते, "लोक काय म्हनतील, रंगारी आन् रंगच दिसत नाही!" पण कासारणीचा दुसरा फोटो तयार झाला, तिनं तो चारचौघांत दाखवला, आणि कळमेश्वरहून बायका जोडीनं फोटो घेऊन यायला लागल्या, तेव्हा मालकांचं तोंड आपोआप सरळ झालं. आणि काकाजी! आता भर गिऱ्हाइकासमोर बाटली वर धरून विचारायचे, "हे लालच हाय ना वं?" गिऱ्हाईकच "हो जी, लाल," म्हणायचं. नाक बरोबर आलं का, हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही. मी एकदा म्हटलं, आता भीती गेली, तर दोन रंग लावून बघा. म्हणाले, "भेव गेलं म्हनून अक्कल सोडू का?"

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. फोटो अर्थातच आमच्याच स्टुडिओत. काकाजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बोला वहिनी, काय रंगवू?" इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना हसत आले होते, आणि आता मलाच काही सुचेना. शेवटी म्हटलं, "कुंकू."

त्यांनी सगळं झाकलं. मुंडावळ्यांचा एकेक मोती, भुवईचा एकेक केस. मग म्हणाले, "आज बुचाले हात लावत नाही, तुले विचारत नाही. एक डाव मीच पायतो." बुचं काढून ठेवलेल्या दोन बाटल्या त्यांनी खिडकीच्या उजेडात धरल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि एक खाली ठेवली. हातात राहिली ती हिरवी. मी समोरच उभी होते. तोंड उघडलं असतं तर तेवढ्यात थांबले असते. मी उघडलं नाही.

वाळल्यावर त्यांनी अंगठ्यानं रबर चोळून काढलं, गोळ्याला चिकटवलं आणि फोटो माझ्यापुढे धरला.

"कसं झालं? खरं सांगजो."

"हिरवं."

ते असे हसले, की मालक बाहेर आले. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "आन वं, नवा काढून लाल करतो."

"खबरदार हात लावला तर," मी म्हटलं आणि फोटो ओढून घेतला.

आईनं घर डोक्यावर घेतलं. सासूबाई महिनाभर फोटोकडे पाठ करून बसायच्या. पुढे रंगीत फिल्म आली, काळेपांढरे फोटो कमी झाले, काकाजींचं टेबल भिंतीकडे सरकलं. रबराचा गोळा नारळाएवढा झाला होता. नातू झाला आणि त्यांनी खरंच त्याला तो खेळायला दिला. आता काकाजी नाहीत. फोटो आहे, आमच्या बैठकीत, दारासमोर. पहिल्यांदा येणारा प्रत्येक पाहुणा त्यापुढे थांबतो आणि विचारतो, कुंकू हिरवं कसं? काही जण दबक्या आवाजात विचारतात, काही अशुभ तर नाही ना?

मी त्यांना बाहेर ओट्याकडे बोट दाखवते. ज्याच्या नावाचं ते कुंकू, तो माणूस तिथे टोपलीभर संत्री घेऊन बसलाय. सोलण्याआधी एकेक संत्रं नाकाशी नेतो, ही सवय त्याला काकाजींनी लावली. आत्ताही हाक मारून राहिलाय, "अवं ऐकतेस का, हे गोड निघालं, ये लवकर."